प्रमाणात बसवलेलं पुणे

(दृश्य: पेठेतल्या एका सोसायटीचं आवार. विटा, ओली माती, भिजवलेली पोती. मुलांचा गलका.)

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या कोपऱ्यांत दिवाळीच्या किल्ल्यासाठी विटा जमायला लागतात. कुणाच्या घरून जुनं पोतं येतं, जवळच्या बांधकामावरून माती मागून आणली जाते. पोतं चिखलात बुचकळायचं, विटांवर अंथरायचं आणि तळव्याने दाबत दाबत कडे काढायचे. वरून अळीव नाहीतर मोहरी पेरली की पाडव्यापर्यंत डोंगर हिरवा होतो. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे येतात, तोफा येतात, सिंहासनावर बसलेले महाराज येतात.

या किल्ल्यावर मावळा दरवाज्याएवढा असतो आणि पायथ्याची भाजीवाली बुरुजाहून मोठी. त्यात काही बिघडत नाही. हा किल्ला खेळायचा आहे. पण दरवर्षी एखादं पोर असं निघतंच, की सगळे फटाके उडवायला पळाले तरी ते किल्ल्यापाशी रेंगाळतं आणि विचारतं, “अरे, हा मावळा या दारातून आत शिरणार कसा?”

हा प्रश्न ज्याला पडला, तो मापात छोट्या प्रतिकृती करणाऱ्या मॉडेलवाल्यांच्या पंथाला लागला म्हणून समजा.

(दृश्य: टेबल. पट्टी, कटर, चिमटा. हिरव्या कटिंग मॅटवर एक रेघ आखली जाते.)

या छंदाची सगळी मदार प्रमाणावर आहे. १:७२ म्हणजे खऱ्या वस्तूचा बहात्तरावा भाग. सहा फुटांचा एक इंच. म्हणून हे प्रमाण फूट-इंचांत मोजणाऱ्या इंग्रजांनी विमानांसाठी पसंत केलं, आणि पुढे जगभर तेच रुळलं. १:७२ मध्ये साधारण उंचीचा माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो. १:३५ हे रणगाड्यांचं, १:८७ हे आगगाड्यांचं. प्रमाण एकदा ठरलं की ते टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला लागू. बिजागरी असो, कंदील असो, वाटेवरचा दगड असो, कुणालाच सूट नाही.

आता हेच प्रमाण घेऊन किल्ल्याकडे जाऊ. राजगड घेऊ. रायगडाच्या आधीची स्वराज्याची राजधानी. त्याची एकटी संजीवनी माचीच सुमारे अडीच किलोमीटर लांब. १:७२ ने करायला घेतली तर माचीच ३५ मीटर होईल, म्हणजे सोसायटीचं पार्किंग पुरायचं नाही. पूर्ण गड टेबलावर बसवायचा तर उतरावं लागतं १:४००० वर. मग संजीवनी माची सव्वासहाशे मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन फूट. झकास बसते. पण या प्रमाणात माणूस अर्ध्या मिलिमीटरचासुद्धा उरत नाही. मावळा गेला, तोफ गेली, तटाची जाडी दोऱ्याएवढी झाली.

इथेच खरा निर्णय घ्यावा लागतो. पूर्ण गड हवा असेल तर माणसं सोडायची, आणि माणसं हवी असतील तर गड सोडून त्याचा एखादाच दरवाजा धरायचा. दोन्ही एका टेबलावर मागणाऱ्याच्या हाती शेवटी दिवाळीचा किल्लाच येतो. पुण्यात दोन्ही वाटांनी जाणारी माणसं आहेत. आपण आधी गडाच्या वाटेने जाऊ.

(दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. समोच्च रेषांवरून फिरणारं पेन्सिलीचं टोक.)

हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा. यावर समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात, दर २० मीटरला एक. आता गंमत बघा. १:४००० मध्ये २० मीटर म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर. आणि अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, मिळतो. एक रेषा, एक थर. नकाशा साडेबारा पट मोठा करायचा, एकेका रेषेचा आकार बोर्डवर उतरवायचा, कापायचा आणि थरावर थर चिकटवत जायचं.

सांगायला सोपं, पण हात घातला की कळतं. नकाशा साडेबारा पट मोठा केला की त्यावरची रेघही साडेबारा पट जाड होते. केसासारखी रेघ बोटाने चाचपता येईल इतकी रुंद दिसायला लागते. मग कापायचं कुठे? रेघेच्या बाहेरच्या कडेने, आतल्या कडेने की मधून? कुठूनही कापा, पण जे ठरवाल ते पायथ्यापासून बालेकिल्ल्यापर्यंत पाळा. एका थराला बाहेरून आणि दुसऱ्याला आतून कापलं, तर जिथे सरळ कडा आहे तिथे पायरी पडते. ज्याने राजगड पायांनी चढलाय, त्याच्या डोळ्यांना ती पायरी लगेच खुपते.

थरांच्या पायऱ्या शेवटी दिसतातच. इतर मुलखांतले डोंगर करणारे त्या लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करतात. सह्याद्रीत मात्र या पायऱ्यांचं काम निम्मं निसर्गानेच करून ठेवलंय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले आणि त्यातून आपला काळा कातळ तयार झाला. मग तो झिजला, तोही थराथराने. कडा, मग पट्टी, मग परत कडा. वेल्ह्याच्या बाजूने तोरण्याकडे पाहिलंत तर त्या पट्ट्या मोजता येतात. त्यामुळे गड करताना सगळ्या पायऱ्या बुजवू नयेत. जिथे माती आणि रान आहे तिथे लगदा भरून उतार काढावा, आणि जिथे कातळ उघडा आहे तिथे थराची धार तशीच राहू द्यावी.

डोंगर उठून दिसावा म्हणून उंची दीडपट-दुप्पट करायची पद्धतही आहे. सपाट प्रदेशाच्या नकाशाला ती ठीक. राजगडाला तिची गरज नाही. पद्मावती माचीवर उभं राहून ज्याने बालेकिल्ल्याकडे मान वर करून पाहिलंय, तो हे मान्य करेल. सह्याद्री आहे तेवढाच पुरेसा उभा आहे.

रंग आणि जमीन यांचं सामान घरातच सापडतं. चहाचा चोथा धुऊन, कडक उन्हात वाळवून, चाळून घेतला की पायवाटेची माती तयार. रंगवलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. थर्माकोलच्या कामावर स्प्रेचा रंग मारू नये, त्यातल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतो. तसंही २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि बरीच मंडळी पुठ्ठा, सनबोर्ड आणि कागदाच्या लगद्याकडे वळली. कामाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पुठ्ठ्याला धार येते, थर्माकोलचे दाणे सुटतात.

(दृश्य: शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा. दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे जवळून.)

आता दुसरी वाट. गड सोडला, दरवाजा धरला.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला नाही असा पुणेकर विरळा, पण तो मोजलेला पुणेकर त्याहून विरळा. प्रत्येक फळीवर लोखंडी खिळे आहेत, नऊ ओळी आणि आठ रांगा, एकूण ७२. दोन फळ्यांचे मिळून १४४. प्रत्येक खिळा सुमारे फूटभर लांब. हत्तीने धडक द्यायची ती डोक्याने, म्हणून खिळे त्याच्या कपाळाच्या उंचीवर.

१:७२ मध्ये फूटभर खिळा होतो सव्वाचार मिलिमीटर. असे १४४ करायचे. टाचणीचं टोक फार बारीक पडतं, कारण खऱ्या खिळ्याला बुडाशी चांगला घेर आहे. बांबूच्या टूथपिकचं टोक कापून घेतलं तर आकार जवळपास जमतो. फळीवर आधी पेन्सिलीने चौकटी आखायच्या, छेदावर सुईने भोक पाडायचं आणि चिमट्याने एकेक टोक फेविकॉलमध्ये बुडवून बसवत जायचं. एक ओळ झाली की डोळा फळीच्या पातळीवर आणून आडवं पाहायचं. एखादा खिळा तिरका असला तर वरून कळत नाही, आडवं पाहिलं की तोच तेवढा दिसतो. तो गोंद ओला असतानाच सरळ करायचा. हे काम घाईने होत नाही आणि ज्याला ते आवडतं त्याला घाई नसतेच.

(दृश्य: दोन बोटांत मळली जाणारी एम-सीलची गोळी.)

दरवाजा झाला की पहारेकरी हवा. २४ मिलिमीटरचा माणूस म्हणजे मुद्रा, ठेवण, भाल्याचा कल, एवढंच सांगता येतं. ज्याला चेहरा घडवायचा आहे तो १:३२ कडे जातो. तिथे माणूस पाच सेंटिमीटरच्या वर जातो आणि डोकं सात मिलिमीटरचं होतं. कमी वाटेल, पण त्यात नाक, भुवया, मिशा आणि मुंडासं बसतं.

आधी तांब्याच्या तारेचा सांगाडा. त्यावर एम-सील. गळका नळ बंद करायला आपण वापरतो तेच, पण मूर्तिकाराच्या हातात त्याची वेगळीच जात दिसते. दोन्ही गोळ्या सारख्या घेऊन एक रंग येईपर्यंत मळायच्या. मग मिळते ती थोडीशी मुदत. सुरुवातीला ते चिकटतं, म्हणून हत्याराला पाण्याचं बोट लावत राहायचं. जरा आटलं की धार धरायला लागतं, आणि मुंडाशाचे पीळ काढायची वेळ तीच. दाभणाचं टोक तिरकं धरून एकाच दिशेने ओढायचं. कापडाचा पीळ एका बाजूला रुंद सुरू होतो आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या पिळाखाली दडतो. समांतर रेघा ओढल्या तर मुंडाशाची मळसूत्री बाटली होते.

अंगरखा त्याच दिवशी करू नये. सांगाड्यावरचं शरीर घट्ट होऊ द्यावं आणि मग त्यावर पातळ थर चढवून चुण्या काढाव्यात. चुण्या कुठून सुटतात ते कागदावर वाचून कळत नाही. बाराबंदी बांधून कुणाला तरी उभं करावं आणि पाहावं. कापड काखेत, कोपरात आणि बंदांच्या गाठीपाशी ओढलं जातं, बाकी ठिकाणी नुसतं लोंबतं. ढाली, तलवारी, दांडपट्टे पाहायचे तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी हयातभर जमवलेल्या त्या वस्तूंपुढे वही घेऊन उभं राहिलं, की मुठीची जाडी, ढालीवरच्या फुल्यांची संख्या, सगळं टिपता येतं.

(दृश्य: लोहगावच्या बाजूने आकाशातून जाणारं सुखोई. मग टेबलावर तेच विमान, करड्या रंगाचं.)

प्लास्टिकच्या सुट्या भागांचे तयार किट जोडणाऱ्यांचं जग याहून निराळं. सप्टेंबर २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झालं ते लोहगावलाच. त्यामुळे विमाननगर-धानोरीच्या मुलांना ते आवाजावरून ओळखू येतं. जवळपास २२ मीटरचं हे विमान १:७२ मध्ये साधारण ३० सेंटिमीटर भरतं, शाळेच्या फूटपट्टीएवढं. किटचं प्लास्टिक जोडायचा ‘सिमेंट’ हा गोंद नसून द्रावण असतो. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून जोड घासला की नाहीसा होतो. रंग एअरब्रशने, पातळ, थरावर थर. आणि खऱ्या विमानावरचा करडा लहान विमानावर मात्र थोडा उजळ करून घ्यावा लागतो. लांबून पाहताना मध्ये हवा असते, तिने रंग फिका पडतो. हाताच्या अंतरावर ती हवा आपल्यालाच घालावी लागते.

(दृश्य: कर्वे रस्त्याजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय. सिग्नल, पूल, धावणारी गाडी.)

आगगाड्यांचं नाव निघालं की पुण्यात भाऊ जोशींचं नाव निघतंच. १ एप्रिल १९९८ ला त्यांचं संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं आणि तेव्हापासून शाळांच्या सहली तिथे रांगा लावतात. हे बघून घरी रूळ मांडणाऱ्याला एक अडचण हमखास येते. बाजारात मिळणारे १:८७ चे रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, कारण ते परदेशी गाड्यांच्या १,४३५ मिलिमीटर रुंदीवर बेतलेले आहेत. आपली ब्रॉडगेज आहे १,६७६ मिलिमीटर. तिला १९ मिलिमीटरहून थोडे जास्त लागतात. म्हणजे १९३० पासून पुणे-मुंबई धावणारी डेक्कन क्वीन अगदी मापात केली, तरी तयार रुळांवर ती अरुंद पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. बहुतेक जण डोळेझाक करतात. काही जण मात्र स्वतःचे रूळ ओढतात, स्लीपर कापतात, चाकांचे आस बदलतात. माझी दाद त्यांना.

(दृश्य: काचेचं कपाट. मऊ ब्रशने झटकली जाणारी धूळ.)

तयार झालेलं काम ठेवायचं कुठे, याचा विचार कापायच्या आधी करावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर तर मुळीच नको, उन्हाने रंग फिके पडतात. पावसाळ्यात रंगकाम टाळावं. दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. दसऱ्यानंतर पुण्याची हवा कोरडी होते, तेव्हा काम काढावं. अॅक्रिलिकची पेटी धुळीपासून वाचवते आणि पाहुण्यांच्या बोटांपासूनही.

आणि पेटीच्या खाली पाटी हवी. नाव, प्रमाण, आणि याहून महत्त्वाची एक ओळ. शनिवारवाड्याच्या तटाचा, बुरुजांचा, दरवाज्यांचा आपण मापाने हिशेब देऊ शकतो, कारण ते उभे आहेत. पण १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. जोती, कारंजी, हौद उरले. वरचे मजले, कमानी, छतं, सज्जे घडवताना त्याच काळातल्या इतर वाड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. तो बांधायला काहीच हरकत नाही, बांधावाच. फक्त तटाच्या आतला भाग वेगळ्या छटेच्या लाकडात करावा, आणि पाटीवर स्पष्ट लिहावं: ‘तट व दरवाजे मोजून केले आहेत. आतील वाडा अंदाजाने.’