रिकाम्या जागेचं गणित

[दृश्य: काळ्या पडद्यावर ताऱ्यांचा नकाशा. एकाच ताऱ्याभोवती रंगीत कडं.]

साल १९९३. ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा गेम बाजारात येतो. सुरुवातीला तुमच्या हाती असतो एक ग्रह, दोन टेहळणी जहाजं आणि एक वसाहतीचं जहाज. बाकीचं आकाश मोकळं. नवखा खेळाडू लगेच तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या मागे लागतो. मुरलेला खेळाडू आधी लोकसंख्येचा आकडा बघतो, कारण कारखाने चालवायला माणसं लागतात आणि कारखान्यांशिवाय जहाजं होत नाहीत. माणसं म्हणायचं एवढंच; त्यात सरडे आहेत, कीटक आहेत, चक्क दगडसुद्धा आहेत.

ही लोकसंख्या वाढते कशी? बेल्जियमचा गणिती व्हर्हुल्स्ट याने १८३८ मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामाला येतं. वाढ दोन गोष्टींवर ठरते: आत्ता किती जण आहेत आणि अजून किती जागा शिल्लक आहे. समजा, ग्रहावर १०० जणांची सोय आहे. १० जण असतील तर १० गुणिले ९०, म्हणजे ९००. ५० असतील तर ५० गुणिले ५०, म्हणजे २५००. आणि ९० झाले की पुन्हा ९००. हे आकडे जन्मांचे नाहीत, वेगाच्या तुलनेपुरते आहेत. वाढ सर्वात जोरात होते ती ग्रह निम्मा भरलेला असताना. काठोकाठ भरलेला ग्रह दिसतो रुबाबदार, पण तिथे नवं कुणी जन्माला येत नाही.

[दृश्य: एका ग्रहाकडून दुसऱ्याकडे सरकणारी जहाजांची रांग.]

म्हणूनच या गेममध्ये स्थलांतर हा वाढीचाच दुसरा हात आहे. भरलेल्या ग्रहावरून लोक उचला, नव्या वसाहतीत पाठवा. जुन्या ग्रहावर जागा झाली, तिथली वाढ पुन्हा सुरू. नव्या ग्रहावर संख्या वाढली, तिथेही वेग आला. एका वेळी जास्तीत जास्त निम्मे लोक हलवता येतात. आणि एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते: हीच जहाजं शत्रूच्या ग्रहावर पाठवली की आतले वसाहतकरी आपोआप सैनिक होतात. वेगळं सैन्य असं नाहीच. घर बांधायला निघालेले आणि चढाईला निघालेले, दोघांचा आकडा एकाच खात्यातून वजा होतो.

गेममधल्या परग्रहवासी जातींचा स्वभावही याच गणितात मुरवलेला आहे. सरड्यांसारखे साक्रा दुप्पट वेगाने वाढतात. दगडी सिलिकॉइड कुठल्याही विषारी, तापलेल्या ग्रहावर राहू शकतात, पण वाढतात निम्म्या वेगाने. साक्रांना माणसांची चणचण नाही, जागेची आहे. सिलिकॉइडांचं नेमकं उलट.

१९९६ मध्ये आलेल्या या गेमच्या दुसऱ्या भागात स्थलांतराला भाडं लागलं: लोकसंख्येचं एक एकक हलवायला पाच मालवाहू जहाजं. आणि धान्य वाहायलाही तीच जहाजं.

[दृश्य: ‘स्टेलारिस’चा ग्रहपट. घरं, रोजगार, बेकारांची यादी.]

२०१६ मध्ये स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा ‘स्टेलारिस’ हा याच धाटणीचा गेम आला. इथे लोकसंख्येच्या एककाला खेळाडू ‘पॉप’ म्हणतात. २०१८ च्या शेवटी आलेल्या मोठ्या अपडेटनंतर प्रत्येक पॉपला घर हवं, नोकरी हवी. वाढीचा मूळ वेग मात्र सगळीकडे सारखा: गेममधल्या दर महिन्याला वाढीचे ३ गुण, १०० झाले की नवा पॉप. म्हणजे साधारण तीन वर्षांत एक. ग्रहावर ८० पॉप असोत की एक, मूळ वेग तोच.

खेळाडूंनी ही फट लगेच हेरली. मिळेल तो ओसाड खडक वसवायचा, तिथे पॉप तयार झाला की उचलून मुख्य ग्रहावर न्यायचा. वसाहत कसली, रोपवाटिकाच! समतावादी विचारसरणी निवडलेल्या साम्राज्यांना असं लोकांना सक्तीने हलवता येत नाही. तिथे लोक आपल्या मर्जीने जातात, आणि शेजारी साम्राज्याशी स्थलांतराचा करार केला की त्यांच्या जातीही तुमच्याकडे येऊन राहतात. तुमचे लोक वाळवंटी ग्रहांचे आणि शेजारी बर्फाळ ग्रहांचे असतील, तर या एका करारामुळे आजवर निरुपयोगी वाटलेले ग्रह कामाचे ठरतात. माझ्या मते शांतपणे खेळणाऱ्याला यापेक्षा स्वस्त सौदा मिळत नाही.

पण पॉप वाढत गेले तसा संगणक धापा टाकू लागला. हजारो पॉप, प्रत्येकाच्या नोकरीचा हिशेब. शेवटच्या टप्प्यात गेम रांगायचा. एप्रिल २०२१ च्या ३.० अपडेटमध्ये व्हर्हुल्स्टचं सूत्र परत आलं, शिवाय नवा लगाम लागला: साम्राज्यात पॉप जितके जास्त, तितके पुढच्या पॉपला लागणारे गुण जास्त. खेळाडू चिडले, आणि त्यात तथ्य होतं. जागा संपत आल्यामुळे वाढ मंदावते हे पटतं. पण आकाशगंगेच्या एका टोकाला गर्दी झाली म्हणून दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या ग्रहावर पाळणा का हलू नये? पुढे नवा गेम सुरू करतानाच हा लगाम किती आवळायचा, ते ठरवण्याची सोय देण्यात आली. त्याच काळात बेकार पॉप स्वतःहून नोकरी असलेल्या ग्रहाकडे जाऊ लागले, आणि खेळाडूचं एकेकाला उचलून ठेवण्याचं काम बरंच कमी झालं.

मे २०२५ मध्ये ४.० अपडेट आलं. जुन्या एका पॉपचे आता १०० झाले आणि हिशेब एकेकट्याचा न राहता गटांचा झाला. एका ग्रहावरच्या वेगवेगळ्या जाती आता एकाच वेळी वाढतात. पूर्वी तिथे एका वेळी एकाच जातीचा नंबर लागायचा.