पिल्लाला क्लासला घालण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. बोट आली, आम्ही निघालो, पण आमचा कुत्रा मोती जिन्याखालून बाहेर येईना. बोटीवरच्या मुलानं त्याला घ्यायला हात पुढे केला, तर मोतीनं त्या हातालाच चावा घेतला. शेवटी अंगावर पोतं टाकून त्याला उचलावं लागलं. आम्हाला वाचवायला आलेल्या त्या पोराला आमच्यामुळे रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. ही बोच अजून गेलेली नाही.

मोती वाईट नव्हता, चूक आमची होती. दीड महिन्याचा असताना आणला आणि चार महिन्यांचा होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढला नाही. लशी पूर्ण व्हायच्या होत्या ना! पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या पारव्होची भीती खरीच असते, तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण पिल्लू नवी माणसं, नवे आवाज सहज स्वीकारतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. लशींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे लशी संपायची वाट बघेपर्यंत ते दिवस हातचे निघून जातात.

आता आमच्याकडे चिंगी आहे. जतकडच्या एका मेंढपाळाकडून आणलेली, कारवानी जातीची, लांब पायांची. या वेळी मी आधी डॉक्टरांशी बोलले. अमेरिकेतल्या पशुवर्तन-तज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेनं म्हटलंय की पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की पिल्लांना शिकवणाऱ्या क्लासला नेता येतं. मात्र लशीचा पहिला डोस होऊन निदान सात दिवस झालेले हवेत आणि जंताचं औषध दिलेलं हवं. रस्त्यावर, जिथं कुठलीही कुत्री येऊन जातात तिथं, तिला खाली सोडायचं नाही. मग मी तिला कडेवर घेऊन आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर उभी राहायचे. उसाच्या ट्रॉल्या, बँडचा आवाज, हेल्मेट घातलेली माणसं, सगळं तिनं माझ्या कुशीतून बघितलं.

क्लास निवडताना पहिल्या ठिकाणाहून मी अर्ध्या तासात परत आले. तिथं एक पिल्लू बसत नव्हतं म्हणून त्याची साखळी हिसकत होते. पिल्लानं कान पाडले आणि ते बसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मोती आठवला.

दुसऱ्या ठिकाणी दारातच लशीचं कार्ड मागितलं, फरशी जंतुनाशकानं पुसलेली होती, आणि पिल्लं पाचच होती. चिंगी आत जाताच माझ्या खुर्चीखाली शिरली. शेपटी पोटाखाली, सारखी जीभ ओठांवरून फिरवतेय. एक दांडगं लॅब्रेडॉर पिल्लू तिच्याकडे धावलं, तेव्हा ट्रेनर ताईंनी त्याला हाक मारून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं आणि मला म्हणाल्या, "ओढू नका तिला. येईल तिची ती." वीसेक मिनिटं काहीच घडलं नाही. मग खुर्चीच्या पायामागून एक नाक बाहेर आलं. तिनं फरशी हुंगली, ताईंनी टाकलेला चिकनचा तुकडा उचलला आणि परत आत. तिसऱ्या तुकड्याला ती बाहेरच राहिली.

तेव्हाच मी फी भरली. 'बस', 'ये', 'थांब' हे घरीही शिकवता येतं. भ्यालेल्या पिल्लाला तिथं काय वागणूक मिळते, एवढंच बघून मी क्लास ठरवला. पिल्लांना एकत्र सोडून नुसती मस्ती करू देतात, तीही मला पटत नाही. त्यात धीट पिल्लू दांडगाई शिकतं आणि भित्रं आणखी भितं. आणि पिल्लू गुरगुरलं तर त्याला मारू नका. 'मला नको' हे सांगायची त्याच्याकडे तेवढीच भाषा असते. ती बंद केली की ते न सांगता चावतं.

खाऊबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आपण सांगलीकर आहोत. घरात बेदाण्याचा डबा असतोच, आणि बक्षीस म्हणून चार बेदाणे द्यावेत असं कुणालाही वाटेल. कृपा करून देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. उकडलेलं चिकन, पनीरचा नखाएवढा तुकडा पुरतो.

बाकी रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, ती चुकवू नका.

क्लासचा शेवटचा रविवार होता. मी ताईंना मोतीची आणि बोटीची गोष्ट सांगितली होती. त्यांनी तिथल्याच एका मुलाला बोलावलं, त्याच्या अंगात रेनकोट चढवला आणि चिंगीला उचलायला सांगितलं. आधी तो खाली बसला, हात पुढे धरला. चिंगीनं तो हुंगला, रेनकोटाची सळसळ ऐकून मागं सरली, पुन्हा आली. मग त्यानं तिला हळूच छातीशी घेतलं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या कोपरावर हनुवटी टेकली.

नमस्कार.