पाणी शिरण्याआधीचा पैसा

मंडळी, पुण्यातली 25 सप्टेंबर 2019 ची रात्र इथे बसलेल्या अनेकांना आठवत असेल. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा काही तासांत सहकारनगर आणि टांगेवाला कॉलनीतल्या घरांत शिरला. माणसं गेली, गुरं वाहून गेली. पुढे मी त्या काठाने हिंडलो, तेव्हा एका आजींनी भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली आणि ओढ्याच्या वळणाकडे बोट केलं. "पाणी तिथूनच फुटतं, बाळा." रस्त्याखालून पाणी जायची कुठली मोरी तुंबते, कुठली भिंत खचली आहे, सगळं त्यांना पाठ होतं. पण त्या मोरीवर एक रुपया खर्च करायचा अधिकार त्या वस्तीत कुणालाच नव्हता.

आता पैशाचं बघू. 15 व्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी केली: 80 टक्के संकटानंतरच्या मदतीला, 20 टक्के संकटाआधी धोका कमी करायला. ही 20 टक्क्यांची सोय झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो निधी राज्याच्या हाती. पालिकेने प्रस्ताव करायचा आणि मंजुरीची वाट बघायची. पाऊस वाट बघत नाही.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय आहेत, त्यात पर्यावरण रक्षणही आहे. विषय दिले, तिजोरी मात्र आखडत गेली. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, आणि 2017 पासून जीएसटीपोटी राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर पालिका अवलंबून आहे.

आणि नदी? जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासला धरणातून नदीत किती पाणी सोडायचं हे राज्याचा जलसंपदा विभाग ठरवतो, माणसांना घराबाहेर काढायचं काम पालिकेवर येतं. त्यातही मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यापासून शहर प्रशासकाच्या हाती होतं. रात्री दोन वाजता फोन करावा असा निवडून दिलेला माणूसच प्रभागात नव्हता. याचा मला आजही संताप येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. धोका कमी करण्याच्या निधीतला ठरलेला वाटा थेट पालिकेच्या त्या-त्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे द्या. मोऱ्या, नाले, भिंती यांची यादी ओढ्याकाठच्या लोकांबरोबर चालत जाऊन करा आणि खर्चाचा हिशेब मे महिन्यात, पावसाच्या आधी, वस्तीत वाचून दाखवा. पुण्याला हे परकं नाही. नागरिकांकडून अर्ज मागवून त्यांच्या सूचना पालिकेच्या अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आपण 2006 च्या सुमारास सुरू केली. त्या अर्जांतून बाक, दिवे, पदपथ मागितले जातात. यंदा प्रत्येक ओढ्याकाठच्या सोसायटीने आणि वस्तीने त्याच अर्जावर आपापली तुंबणारी मोरी लिहावी. आजींच्या वळणावरची मोरी मी स्वतः लिहिणार आहे.