साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू: शॉटगनवर ऑप्टिक बसवताना

[दृश्य: पांढऱ्या फडक्यावर दोन काळे स्क्रू शेजारी शेजारी. कॅमेरा अगदी जवळ.]

हे दोन स्क्रू नीट बघा. डावीकडचा इंची आट्यांचा आहे, त्याला ६-४८ म्हणतात. उजवीकडचा एमएमचा, एम ३.५. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकपट्टी, लावला तर दोघांचाही बाहेरचा व्यास साडेतीन मिलिमीटर भरतो. नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, बोटांना तर नाहीच.

फरक आट्यांत आहे. डावीकडच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून ०.५३ मिलिमीटरवर, उजवीकडचे ०.६० मिलिमीटरवर. उजवीकडचा स्क्रू डावीकडच्याच्या भोकात घातला, तर पहिले एक-दोन फेरे गुमान जातो. मग हाताला जड लागतं. इथे बहुतेक जण पाना लावतात. पाच फेऱ्यांपर्यंत दोन्ही आट्यांत ०.३५ मिलिमीटरची तफावत साठलेली असते. आता स्क्रू आत सरकतोय असं वाटतं खरं, पण तो बंदुकीचे आटे सोलत आत जातोय.

[दृश्य: अमेरिकेतलं मक्याचं कापलेलं शेत, पहाट.]

हा प्रश्न आला कुठून, ते आधी पाहू. ओहायो, इलिनॉय, आयोवा ही अमेरिकेची सपाट शेतीची राज्यं. तिथे हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याची रायफल वर्षानुवर्षं चालत नव्हती. मुभा होती ती मुख्यतः शॉटगनची आणि तिच्यातून सुटणाऱ्या एकाच जाड गोळीची, म्हणजे स्लगची. छर्ऱ्यांसाठी नेम धरायला नळीच्या टोकावरचा मणी पुरतो. स्लग मात्र ऐंशी-शंभर मीटरवर नेमका टाकायचा, तर ऑप्टिक हवं: दुर्बीण, किंवा काचेत नेमाचा लाल ठिपका दाखवणारा रेड डॉट. पण शॉटगनची घडण मुळात दुर्बिणीसाठी नव्हती. रेमिंग्टन ८७० बाजारात आली १९५० मध्ये, आणि तिच्या जुन्या रिसिव्हरवर, म्हणजे आतली यंत्रणा झाकणाऱ्या धातूच्या कवचावर, वरच्या बाजूला भोकंच नसतात. पुढच्या काळातल्या अनेक बंदुकांना कारखान्यातूनच भोकं पाडून, आटे मारून मिळू लागले. या भोकांत पट्टी बसते आणि पट्टीवर ऑप्टिक. आपला विषय आहे ती पट्टी धरून ठेवणारे चार स्क्रू.

कामाला हात घालण्याआधी बंदूक रिकामी करा. मॅगझिन रिकामं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं, दोन्हींत डोळ्यांनी बघून आणि बोट घालून खात्री. काडतुसं त्या टेबलावर नकोत, शक्यतो त्या खोलीतही नकोत.

[दृश्य: रिसिव्हरचा माथा. चार बारीक प्लग स्क्रू.]

कोणता स्क्रू लागेल, याचा पहिला पुरावा बंदुकीतच असतो. भोकांत धूळ जाऊ नये म्हणून कारखान्याने बिनडोक्याचे छोटे प्लग स्क्रू बसवलेले असतात. ते काढा आणि मोजा. काढताना पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर खाचेत तंतोतंत बसणारा घ्या. निमुळत्या टोकाचा नेहमीचा ड्रायव्हर खाचेतून वर उसळतो आणि रिसिव्हरवर चरा पाडतो. हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक प्लगवर मिनिटभर टेकवा, आतला लॉकर, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव, नरम पडतो. वापरलेली बंदूक असेल तर मात्र प्लगवर आंधळा विश्वास नको. आधीच्या कुणी भलताच स्क्रू दाबून बसवलेला असू शकतो.

मोजायच्या गोष्टी दोन: व्यास व्हर्नियरने, आटे थ्रेड गेजने. गेजचं पातं आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. फटीतून उजेड दिसला की ते पातं चुकलं.

अमेरिकन आकड्यांचा अर्थ सोपा आहे. ६-४८ मधला ६ हा स्क्रूचा नंबर, ४८ म्हणजे एका इंचात ४८ आटे. नंबराला ०.०१३ ने गुणा, त्यात ०.०६० मिळवा, की व्यास इंचांत मिळतो. सहा नंबर म्हणजे ०.१३८ इंच, ३.५१ मिलिमीटर. आठ नंबर म्हणजे ०.१६४ इंच, ४.१७ मिलिमीटर. बंदुकीच्या पट्ट्यांना बहुतेक वेळा या दोनांपैकी एक भेटतो: ६-४८ किंवा ८-४०.

आणि इथेच हार्डवेअरचं दुकान दगा देतं. अमेरिकन प्रमाणित मालिकेत सहा नंबर येतो ३२ किंवा ४० आट्यांत, आठ नंबर येतो ३२ किंवा ३६ आट्यांत. ४८ चा सहा आणि ४० चा आठ त्या मालिकेत नाहीतच. ते बंदूक-कारागिरांच्या वापरातले. दुकानदार मनापासून ‘हाच बसेल’ म्हणून देतो तो ८-३६ असतो, व्यास अगदी तोच, आटे वेगळे. काही युरोपीय बंदुकांवर एमएमचे आटे येतात. तिथे एम ४ आणि ८-४० यांचा असाच घोळ होतो.

घोळ तुमच्या स्वतःच्या डबीतही होऊ शकतो. ट्रिजिकॉनचा आरएमआर हा छोटा रेड डॉट ६-३२ स्क्रूंनी बसतो. म्हणजे एकाच बंदुकीवर खाली पट्टीला ६-४८, वर डॉटला ६-३२, दोघेही साडेतीन मिलिमीटरचे. वेगवेगळ्या पुड्या करा आणि पुडीवर नाव लिहा.

अमुक मॉडेलला अमुक स्क्रू, असं पाठ करण्यात अर्थ नाही. एकाच नावाची बंदूक दशकानुदशकं निघत राहते आणि मध्ये आटे बदलू शकतात. कंपनीच्या कागदावर असेल ते वाचा, आणि तरी मोजा.

[दृश्य: व्हर्नियरची खोलीची काडी भोकात उतरते.]

आता लांबी. आटे चुकले तर हाताला लगेच कळतं. लांबी चुकली तर स्क्रू छान बसतो आणि त्रास नंतर सुरू होतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

रिसिव्हरचं छत जाड नसतं, आणि भोक बहुतेकदा आरपार असतं. खाली बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता ठोकळा, पुढेमागे धावतो. पुढच्या बाजूला नळीचं मागचं टोक, बॅरल एक्स्टेन्शन, छताखाली आत शिरलेलं असतं. मागचा स्क्रू लांब झाला तर बोल्टवर चरा पाडतो, फोरएंड, म्हणजे नळीखालची सरकती मूठ, ओढताना खरखर लागते. पुढचा लांब झाला तर बॅरल एक्स्टेन्शनवर टेकतो: नळी घालताना अडते, किंवा आधीच आत असलेल्या नळीवर स्क्रू दाबून बसतो. आणि त्याहून वाईट म्हणजे स्क्रू खाली टेकला की पाना ‘घट्ट झालं’ असं सांगतो, पट्टी मात्र वर सैलच असते.

हिशेब असा. समजा पट्टीच्या भोकात स्क्रूचं डोकं जिथे टेकतं तिथपासून पट्टीच्या तळापर्यंत २.४ मिलिमीटर. रिसिव्हरचं छत त्या भोकाशी ३.६ मिलिमीटर. बेरीज ६.०. त्यातून ०.३ सोडून द्या. डोक्याखालची लांबी ५.७ मिलिमीटर हवी. बाजारात मिळतो पाव इंची, वर्कशॉपच्या भाषेत दोन सुती, म्हणजे ६.३५. तो तसाच लावला तर ०.३५ मिलिमीटर आत डोकावेल. तीन सोळांश इंची घेतला, ४.७६ चा, तर छतात जेमतेम साडेचार आटे पकडतील. म्हणून पाव इंची घ्या आणि ०.६५ मिलिमीटर कमी करा.

कमी करायची रीत: आधी स्क्रू ६-४८ च्या डायमधून, म्हणजे स्क्रूवर आटे पाडणाऱ्या चकतीतून, घाला, टोक बाहेर काढा, मग बारीक कानशीने घासा. टोकाच्या कडेला थोडी उतरंड द्या. आता डायमधून उलटा फिरवून बाहेर काढा. घासताना चेपलेला शेवटचा आटा डाय स्वतःच सरळ करतो. डाय नसताना घासलेला स्क्रू भोकात घातला, तर ती चेपलेली कडाच पहिली आत जाते.

चारही भोकं वेगळी मोजा. पुढच्या दोन भोकांत छताची जाडी मागच्याहून निराळी असू शकते. स्क्रू कुठल्या भोकाचा, तेही लिहून ठेवा. डोकं शंकूसारखं असेल तर लांबी डोक्यासकट मोजतात, सपाट बसणारं असेल तर डोक्याखालून. शंकूच्या डोक्यातही एक खोच आहे: इंची स्क्रूचा कोन ८२ अंश, एमएमच्या स्क्रूचा ९०. एकाचा दुसऱ्याच्या खोबणीत ठेवला की नुसती कड टेकते, पूर्ण बैठक मिळत नाही.

आट्यांची पकड किती हवी? पोलादात साधारण स्क्रूच्या व्यासाइतकी. आपल्या उदाहरणात ३.३ मिलिमीटर मिळाली, सहा आटे, चालेल. ऍल्युमिनियमला दीडपट लागते, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर, आणि तेवढं जाड छत शॉटगनला नसतं. रेमिंग्टन ८७० चा रिसिव्हर पोलादाचा आहे, मॉसबर्ग ५०० चा ऍल्युमिनियमचा. दुसरीवर हात हलका ठेवा, चारही स्क्रू वापरा, तीनवर भागवू नका. मॉसबर्गची सेफ्टी, म्हणजे बार अडवणारी कळ, रिसिव्हरच्या माथ्यावर मागे असते. पट्टी तिच्या वाटेत येत नाही ना, तेही आधी बघा.

स्टेनलेसचा चकचकीत स्क्रू मोहात पाडतो. हार्डवेअरमधला नेहमीचा ए२-७० स्टेनलेस सुमारे ७०० मेगापास्कल ताण सोसतो, १२.९ दर्जाचा काळा कडक पोलादी स्क्रू १२००. काळाच घ्या.

[दृश्य: पट्टी रिसिव्हरवर नुसती ठेवलेली. एका टोकाला बोट दाबलं जातं.]

पट्टी स्क्रूंशिवाय ठेवून बघा. एक टोक दाबल्यावर दुसरं उचलत असेल तर स्क्रू आवळून ती सरळ करायच्या भानगडीत पडू नका. एका टोकाचे दोनच स्क्रू हलके लावा आणि दुसऱ्या टोकाखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, सरकवा. जितकी फट, तितकी बारीक पत्री किंवा इपॉक्सीचा थर. जबरदस्तीने वाकवलेली पट्टी दुर्बिणीची नळीही वाकवते.

भोकं आणि स्क्रू ऍसिटोनने धुवा. कारखान्याचं तेल आट्यांत राहिलं तर लॉकर नीट धरत नाही. भोकातलं ऍसिटोन उडून जाऊ द्या. मग प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. एक अगदी बारीक ‘टक’ जाणवेल: आट्याची सुरुवात आट्यात पडली. तिथून सुलटा, नुसत्या बोटांनी. चारही स्क्रू बोटांनी शेवटपर्यंत गेले पाहिजेत. एकही अडला तर थांबा.

ही कोरडी जुळणी झाल्यावर बोल्टच्या माथ्यावर मार्करने काळं करा, फोरएंड दहा वेळा मागेपुढे करा, मग बोल्ट बघा. काळ्यात चमकती रेघ उठली असेल तर तो स्क्रू अजून लांब आहे.

लॉकर म्हणजे निळा लॉकटाइट २४२, किंवा बारीक स्क्रूंसाठीचा जांभळा २२२. लाल नको, तो सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास ताप द्यावा लागतो. टोकाजवळच्या आट्यांवर एक थेंब पुरे. आरपार भोकातून जास्तीचा थेंब बोल्टवर गळतो, म्हणून आत कापसाचा बोळा धरा. ओला लॉकर वंगणासारखा वागतो, त्यामुळे कोरड्या स्क्रूसाठी दिलेल्या आकड्याला तो जास्त आवळला जातो. आकडा ओल्यासाठी आहे की कोरड्यासाठी, हे कागदात बघा.

टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा ड्रायव्हर, हवाच. पोलादी रिसिव्हरवर ६-४८ साठी सर्वसाधारणपणे १५ ते २० इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २.३ न्यूटन-मीटर. ८-४० साठी २५ च्या आसपास, २.८ न्यूटन-मीटर. आरएमआरच्या स्क्रूंना १२ इंच-पौंड, १.३६ न्यूटन-मीटर. पट्टीच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. सायकलवाल्यांकडचा न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क पानाही चालतो, इतके कमी आकडे त्यावर असले म्हणजे झालं. एकदम शेवटपर्यंत आवळू नका: आतले दोन, बाहेरचे दोन, तीन टप्प्यांत. मग २४ तास बंदूक तशीच ठेवा.

एवढं नेमकेपण कशाला, त्याचं उत्तर बंदुकीच्या झटक्यात आहे. बारा बोअरचा एक औंसाचा, २८ ग्रॅमचा स्लग सुटला की बंदूक मागे उसळते आणि वरच्या दुर्बिणीला तिच्यासोबत ओढून न्यावं लागतं. ते ओढायचं काम पट्टी आणि रिसिव्हर यांच्यातल्या घर्षणाचं आहे. स्क्रूने फक्त दोघांना एकमेकांवर दाबून ठेवायचं. दाब कमी पडला की पट्टी केसभर सरकते आणि स्क्रूच्या अंगावर आदळते. प्रत्येक काडतुसाला एक आघात. शेवटी स्क्रू डोक्याखाली तुटतो, आणि तुटण्याच्या बऱ्याच आधीपासून गोळ्या इकडेतिकडे लागत असतात.

[दृश्य: सोललेले आटे असलेलं भोक, भिंगातून.]

आटे गेलेच असतील तर? ६-४८ चं भोक ८-४० करता येतं, आणि इथे आकडे आपल्या बाजूने आहेत. ८-४० च्या टॅपआधी (टॅप म्हणजे भोकात आटे पाडणारं हत्यार) ३.५७ मिलिमीटरचं ड्रिल मारतात, जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यास ३.५१. म्हणजे ड्रिलने जुने आटे पूर्ण निघून जातात आणि नवे आटे कोऱ्या धातूत पडतात. पट्टीचं भोकही मोठं करावं लागतं. हे हातातल्या ड्रिल मशीनचं काम नाही. रिसिव्हर शिकंजात सरळ धरून, उभ्या ड्रिल प्रेसवर, टॅपही तिथेच सरळ लावून करायचं. भारतात बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याचं काम आहे, त्यामुळे भोक पाडणं, मोठं करणं हे परवानाधारक कारागिराकडेच.

[दृश्य: स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर ओढलेली पांढरी बारीक रेघ.]

लॉकर सुकल्यावर प्रत्येक डोक्यावरून पट्टीवर अशी रंगाची एक रेघ ओढा. रेंजवर पाच स्लग झाडा, बंदूक रिकामी करा, रेघा बघा. पंचवीस झाल्यावर पुन्हा. रेघ तुटलेली दिसली तर तो स्क्रू वरच्यावर आवळू नका: काढा, जुना लॉकर घासून टाका, ऍसिटोन, नवा थेंब, ठरलेला टॉर्क. काढलेले चार प्लग स्क्रू पुडीत घालून बंदुकीच्या पेटीत ठेवा, आणि पुडीवर आट्यांचा आकडा आणि चारही भोकांच्या लांब्या लिहा.