आओर्नोस नेमका कुठला?

गडकोट हिंडणारी मंडळी इथे बरीच दिसतायत, म्हणून सुरुवात पाण्यापासून करतो. एरियन हा ग्रीक लेखक सांगतो, की सिकंदरानं वेढा घालून घेतलेल्या आओर्नोस या डोंगरी गडाच्या माथ्यावर झरा होता, रान होतं आणि हजार माणसांनी कसावी एवढी पिकाऊ जमीन होती. वर जायला एकच वाट, तीही खोदून काढलेली. डोंगराचा घेर २०० स्टेडिया, म्हणजे साधारण ३६ किलोमीटर. आकडा फुगवलेला असेल. एरियन लिहितोय सिकंदरानंतर साडेचारशे वर्षांनी. पण त्याच्यासमोर सिकंदराचा सेनानी टॉलेमी याच्या आठवणी होत्या, आणि टॉलेमी त्या वेढ्यात स्वतः लढलेला होता. अर्थात स्वतःचा पराक्रम सांगताना त्यानं हात आखडता घेतला असेल, असं मला वाटत नाही!

गोष्ट इ.स.पू. ३२६ च्या आसपासची, आजच्या पाकिस्तानातल्या स्वात आणि सिंधू नदीच्या मधल्या डोंगरांतली. सिकंदरापुढे मस्सग आणि ओरा ही तिथली नगरं पडली. ते ऐकून बझिराचे लोक मध्यरात्री गाव सोडून निघाले आणि या गडावर चढले. प्रत्यक्ष हेराक्लीस या ग्रीक पुराणातल्या महावीरालाही हा गड घेता आला नव्हता, अशी दंतकथा होती. सिकंदराला तेवढंच पुरे होतं.

स्थानिक वाटाड्यांनी टॉलेमीला आडवाटेनं वर नेलं. त्यानं शेजारची एक जागा धरली, भोवती मेढेकोट घातला आणि जाळ पेटवून खूण केली. सिकंदर मागाहून तिथवर पोचला, पण गड आणि त्याच्यामध्ये आता खोल घळ होती. दुसऱ्या दिवशी पहाटे हुकूम सुटला: प्रत्येक शिपायानं शंभर मेढी तोडायच्या. लाकूड आणि माती टाकत घळ भरायला घेतली. पहिल्याच दिवशी भराव एक स्टेडियम, म्हणजे पावणेदोनशे-एकशेऐंशी मीटर पुढे सरकला. चौथ्या दिवशी काही मॅसिडोनियन गडाच्याच उंचीच्या एका टेकाडावर पोचले. आतल्यांनी बोलणी लावली. रात्री निसटायचा बेत होता. सिकंदरानं मुद्दाम पहारे उठवले, त्यांना निघू दिलं आणि सातशे माणसं घेऊन मोकळ्या बाजूनं वर चढला. पळणाऱ्यांपैकी कितीतरी मारले गेले, काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या.

आता हा डोंगर शोधायचा कुठे? पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं राणीगट सुचवलं, ब्रिटिश अधिकारी ॲबटनं महाबन. ती नावं मागे पडली. १९२६ मध्ये संशोधक ऑरेल स्टाइन, वय ६३, स्वातचे शासक मियाँगुल अब्दुल वदूद यांच्या परवानगीनं तिकडे गेला. हा तोच स्टाइन, ज्यानं राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर केलं. सिंधूच्या वळणावर, पात्रापासून पाचेक हजार फूट उंच, त्याला पीर-सर हे पठार सापडलं. वर गुजरांची गव्हाची शेतं. शेजारी उना-सर हे शिखर आणि दोहोंच्या मध्ये बुरीमार नावाची घळ. ‘उना’मध्ये त्याला ‘आओर्नोस’ ऐकू आलं. नावांच्या साम्यावर मी फार भिस्त ठेवत नाही. पाणिनीच्या सूत्रांतलं ‘वरणा’ हे स्थळनामही काहींनी इथेच आणून बसवलं आहे. पण घळीचं काय? घळ काही ध्वनिसाम्यानं तयार होत नाही.

१९७७ मध्ये इटालियन अभ्यासक जुझेप्पे तुच्चीनं वेगळंच बोट दाखवलं: इलम. स्वातमधल्या बरीकोटजवळचा हा मोठा पर्वत हिंदूंनाही पवित्र, राम इथे राहिला होता अशी श्रद्धा. आणि बझिरा म्हणजेच आजचं बरीकोट. तुच्चीच्या बाजूनं सगळ्यात जड पडणारी गोष्ट हीच. मध्यरात्री बायकापोरं, गुरंढोरं घेऊन पळणारा गाव जवळचा ओळखीचा डोंगर सोडून थेट सिंधूकाठी कशाला जाईल?

मग रोमन इतिहासकार कर्टियस आडवा येतो. तो म्हणतो, सिंधू या खडकाच्या मुळाशी वाहते. हे पीर-सरला जुळतं, इलमला नाही. शिवाय एरियनच्या मते सिकंदर आधी एम्बोलिमा या गडाजवळच्या गावी गेला आणि आपला सेनानी क्रेटरस याला तिथे धान्य साठवायला ठेवलं. माझं मत आजही पीर-सरकडे झुकतं, पण बरीकोटच्या त्या रात्रीचं उत्तर त्यात मिळत नाही.

गड पडल्यावर तिथे किल्लेदार म्हणून शशिगुप्त नेमला गेला. हा आधी बॅक्ट्रियात (आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या भागात) तिथला इराणी सुभेदार बेसस याच्याकडे होता, मग सिकंदराकडे आला. हिंदुस्थानातलाच माणूस. वर उरलेली शेतं आणि झरा, दोन्ही त्याच्या ताब्यात आले.