मीटर लाखावर जायच्या आधी

(सकाळ. यवतमाळ जिल्हा. गाडीच्या समोरच्या काचेतून रस्ता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मधूनच तूर.)

घाटंजी मागे पडली. गाडी पारव्याच्या बाजूला निघाली आहे. डांबर दिसायला सरळ आहे, पण गाडी पाहा कशी डुलते. दर वेळी खड्डाच असतो असं नाही. खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटते, भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत वरखाली होतं. कापसाला हीच माती मानवते. गाडीचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपला नाही.

गाडीत चार शिक्षक. रोजचं अपडाउन. एका बाजूनं 58 किलोमीटर, जाऊन-येऊन 116. गाडी एकाची, पेट्रोल चौघांचं. स्टेअरिंगवर आहेत ते गाडीवाले सर.

(मीटर, जवळून.)

98,214.

गाडीला तीन वर्षं मे महिन्यात होतील. सरांनी तारीख डायरीत लिहून ठेवली आहे, लाल पेनानं. पण वॉरंटीच्या पुस्तिकेतली ओळ पुरती वाचा: 3 वर्षं किंवा 1,00,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. तारखेला अजून पाच महिने आहेत. किलोमीटर उरले 1,786. म्हणजे शाळेचे पंधरा दिवस.

हे आकडे कंपनीगणिक बदलतात. मारुती सुझुकीची वॉरंटी जुलै 2024 पर्यंत 2 वर्षं किंवा 40,000 किलोमीटर होती, मग ती 3 वर्षं किंवा 1 लाख झाली. सरांच्या चालीनं 40,000 म्हणजे जेमतेम वर्षभर. लग्नकार्यापुरती गाडी काढणाऱ्याची तारीख आधी संपते, अपडाउनवाल्याचं मीटर. आपल्याकडे लोक तारीखच पाहतात.

मीटर पाहिलं ते मिस्त्रीनं.

(शाळेसमोरचा कडुनिंब. खाली टिनाचं दुकान, अर्धा खोललेला ट्रॅक्टर.)

दुकानाला पाटी नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल, फवारणीचे पंप, जे येईल ते. सरांची गाडी दिवसभर याच झाडाखाली उभी असते. एका मधल्या सुट्टीत मिस्त्री काचेतून डोकावला आणि म्हणाला, "सर, मीटर पाह्यलं काय तुमी? लाख झाले का वारंटी खतम."

म्हणजे लाखाच्या आत बिघाड शोधायचे, कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायचे. पुढचं सगळं आम्ही सलग चित्रित केलं आहे, घाई न करता पाहा.

मिस्त्रीची पहिली अट: "पाना लावाचा नाई. आपुन खोललं, त थे म्हणतीन बाहेर खोलली. फक्त पाहाचं." 'थे' म्हणजे कंपनीचे वर्कशॉपवाले. बरोबर आहे त्याचं.

स्टेअरिंग पूर्ण वळवून त्यानं पुढच्या चाकामागे टॉर्च धरली. डावीकडचा शॉकअप कोरडा, वर नुसता फुफाटा. उजवीकडचा पाहा. वरपासून खालपर्यंत काळा ओला पट्टा, त्यावर मातीचा लेप. मिस्त्रीनं बोटानं लेप खरवडला. आतून तेल चमकलं. शॉकअपमधलं सील गेलं की तेल असं झिरपतं, आणि धूळ त्यालाच येऊन चिकटते. नुसती धूळ फडक्यानं झटकली की निघते, ही निघत नाही.

मग जॅक. चाक अधांतरी. एका हातानं त्यानं चाक फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. आवाज माईकमध्ये नीट आला नाही, म्हणून त्यानं सरांचा हात धरून तिथं ठेवला. स्प्रिंगला बारीक थरथर जाणवते. चाकाचं बेअरिंग. गाडी पन्नासवर गेली की घूं घूं येतो तो हाच. सर इतके दिवस तो टायरचा समजत होते.

अॅक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, तोही चिरला आहे. ग्रीस रिमच्या आतून उडालंय. मिस्त्रीनं ते दोन बोटांत चोळून कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यात रेती आहे. ग्रीस गेलं, माती शिरली, की जॉइंट वळणावर कटकट वाजायला लागतो. बुटावर मात्र वाद होतो. दगडानं फाटला, असं सांगून हात झटकता येतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर ही तर झिजायचीच सामानं. ती वॉरंटीत साधारणपणे येत नाहीत, आणि उंदरानं कुरतडलेली वायरही नाही.

शेवटी समोरच्या खणामागून एसीचा फिल्टर निघाला. याला पाना लागत नाही. फिल्टरच्या घड्यांत कापसाचे तंतू, तुरीचा भुसा. चौघे सर हसले. आम्ही हा शॉट ठेवला, कामाचा नसला तरी.

(वहीचं पान.)

मराठीच्या वहीचं मागचं पान फाडून सरांनी लिहून घेतलं. मिस्त्री सांगतोय: "तिकडं गेल्यावर थे लिहितीन, जनरल चेकअप. तुमी म्हना, नाई. उजवा शॉकअप लीक, लिवा. पुढच्या चाकात आवाज, लिवा. अन् किलोमीटर टाका."

या माणसाला यवतमाळच्या कंपनी वर्कशॉपमध्ये कोणी ओळखत नाही. पण जॉब कार्डचं, म्हणजे गाडी घेताना वर्कशॉपवाले तक्रारी लिहितात त्या कागदाचं, मर्म त्याला पक्कं ठाऊक आहे. तारीख, मीटर आणि तक्रार, तिन्ही एकाच कागदावर असली तर पार्ट महिन्यानं आला तरी तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा हातात राहतो. तोंडी सांगितलेलं कुठंच उरत नाही. आवाज हवा तेव्हा येत नाही, म्हणून रस्त्यावर असतानाच मागं बसलेल्या सरांनी मोबाइलमध्ये घेऊन ठेवला.

(वर्कशॉपचं फाटक, बाहेरून.)

आत कॅमेरा नेऊ दिला नाही. सर तासाभरानं बाहेर आले. जॉब कार्डची प्रत हातात. पाहा, पहिली ओळ: जनरल चेकअप. ती खोडली आहे, आणि खाली तिन्ही तक्रारी.

शॉकअप आणि बेअरिंग वॉरंटीत बदललं, बुटाचे पैसे सरांनी भरले. वॉरंटी वाढवून घ्यायची तर तीही साधारणपणे मूळ मुदत संपायच्या आत घ्यावी लागते. नाकारलंच असतं, तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि 2019 च्या कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

(पुन्हा कडुनिंब. मधल्या सुट्टीची घंटा. पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन रांगेत.)

मीटर 98,909. मिस्त्रीनं उजव्या चाकामागे टॉर्च मारली. नवा शॉकअप, त्यावर नुसती धूळ. त्यानं बोट फिरवून पाहिलं. मग मुख्याध्यापकांच्या गाडीकडे वळला.

"मॅडम, तुमचं किती झालं?"