शून्याकडे मोजणारा मूकपट

मंडळी, विज्ञानकथेवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो: कुठल्या लेखकाचं कुठलं भाकीत खरं ठरलं? या हिशेबात मला फारसा रस नाही. शेकडो कल्पना लढवल्या की त्यातल्या चार-दोन जुळणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. काही कथांनी माणसं कामाला लावली, पैसा उभा केला, यंत्रसामग्री मागे ठेवली. पुढे त्या माणसांनी जे केलं, ते सगळंच अभिमानाने सांगावं असं नाही. म्हणून आज मी एकाच चित्रपटाबद्दल बोलणार आहे: ‘फ्राऊ इम मोंड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. पहिला खेळ १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये झाला.

पण सुरुवात करावी लागते ती हर्मन ओबर्थपासून. जन्म १८९४चा, ट्रान्सिल्व्हेनियातला. हा भाग आज रुमानियात आहे. शाळकरी वयात त्याच्या हाती ज्यूल व्हर्नची १८६५ सालची चांद्रसफर पडली. त्या गोष्टीत फ्लोरिडात जमिनीत ९०० फूट खोल तोफ ओततात आणि तिघांना पोकळ गोळ्यात बसवून चंद्राकडे डागतात. आपण भारावून जातो आणि पुढचं पान उलटतो. हा मुलगा आकडेमोड करायला बसला. पृथ्वीच्या ओढीतून सुटायचं तर सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग हवा, आणि तो मिळवायचा २७५ मीटरच्या नळीत. तुम्हीही कागदावर करून पाहा: गुरुत्वाकर्षणाच्या वीस हजार पटींहून जास्त त्वरण येतं. नळीतून बाहेर पडण्याआधीच आतल्या माणसांचा चेंदामेंदा. मग तोफ बाद. वेग हळूहळू वाढवत नेईल असं साधन पाहिजे, आणि ते रॉकेटच. एका कथेतली चूक शोधता शोधता एका माणसाला आयुष्यभराचा विषय सापडला, हे मला भाकीत खरं ठरण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

१९२२ साली ओबर्थचा याच विषयावरचा प्रबंध हायडेलबर्ग विद्यापीठात नाकारला गेला. पुढच्याच वर्षी त्याने तो पुस्तकरूपाने छापला. जेमतेम शंभर पानांचं पुस्तक, पण जर्मनीत त्याने रॉकेटचं वेड पसरवलं. चंद्रावर चित्रपट करायचं ठरल्यावर लांगने सल्लागार म्हणून याच माणसाला बर्लिनला बोलावून घेतलं.

आता प्रक्षेपणाचा प्रसंग बघा, कारण खरी करामत तिथे आहे. एका प्रचंड इमारतीचे उंचच उंच दरवाजे उघडतात. आतून उभंच्या उभं रॉकेट प्रकाशझोतांमध्ये रुळांवरून संथपणे बाहेर सरकतं. फ्लोरिडातली अपोलोची, म्हणजे अमेरिकेच्या चांद्रमोहिमांची, दृश्यं पाहिलेल्या माणसाला इथे धक्काच बसतो, कारण हे चाळीस वर्षं आधीचं आहे. मग ते रॉकेट पाण्याच्या हौदात उतरवतात. कारण काय? ओबर्थच्या हिशेबात रॉकेटचा पत्रा इतका पातळ आणि हलका, की कोरड्यावर ते स्वतःच्याच भाराने वाकेल. प्रवासी बसत नाहीत, आडवे पडतात, म्हणजे त्वरणाचा दाब अंगभर वाटला जातो. इंधन संपलेले रॉकेटचे टप्पे एकामागून एक गळतात. वजनरहित अवस्थेसाठी जमिनीला पायपट्टे लावलेले आहेत.

आणि या सगळ्यात मोजणी चालू होते. मूकपटच तो, त्यामुळे पडद्यावर पाट्या येतात: इतके सेकंद उरले, आता दहाच उरले. मग नुसते आकडे, एकेक करून उतरत जाणारे, आणि शेवटी पडदाभर ‘आत्ता!’. लांगने नंतर यामागचं कारण सांगितलं आहे, आणि ते शुद्ध नाटकाचं आहे. एकापासून वर मोजत गेलो तर कुठे थांबायचं हे प्रेक्षकाला कळणार नाही. खाली मोजत आलो तर शून्याला काहीतरी होणार, हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक असतं.

चंद्रावर पोचल्यावर मात्र चित्रपट ढेपाळतो. तिथे श्वास घेण्याजोगी हवा आहे, गुहेत सोनं आहे, आणि प्रेमाच्या त्रिकोणाला शेवटपर्यंत अंत नाही.

प्रसिद्धीसाठी ओबर्थने खरंखुरं रॉकेट बांधून उडवायचं, असंही ठरलं होतं. ते उडालं नाही. प्रयोगात स्फोट झाला, ओबर्थच्या डोळ्याला इजा झाली, आणि पहिला खेळ रॉकेटविनाच पार पडला. पण त्या अपुऱ्या कामातली सामग्री बर्लिनच्या हौशी रॉकेटमंडळींकडे गेली. जुलै १९३० मध्ये ओबर्थच्या छोट्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली, तेव्हा हाताखाली अठरा वर्षांचा एक पोरगा होता: वर्नर फॉन ब्राऊन. दोन वर्षांत लष्कराने त्याला नोकरीला घेतलं.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण त्याचा धागा थेट आपल्या बेळगावपर्यंत येतो. चित्रपटाची मूळ कादंबरी आणि पटकथा लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू हिची. १९३३ साली दोघांचा घटस्फोट झाला आणि लांगने जर्मनी सोडली. हार्बू मात्र तिथेच राहिली आणि नाझी राजवटीतही चित्रपट लिहीत राहिली. त्याच काळात तिने गुपचूप लग्न केलं ते आयी तेंडुलकरांशी, बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे. युद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले आणि पुढे गांधीजींच्या अनुयायी इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाहबद्ध झाले. नाझींसाठी लिहिणारी बाई आणि स्वातंत्र्यलढ्याकडे वळलेला मराठी माणूस एका घरात कसे नांदले असतील, याचा मी अजून विचार करतो.

पुन्हा मूळ रस्त्यावर येऊ. ३ ऑक्टोबर १९४२, बाल्टिक किनाऱ्यावरचं पेनेम्युंडे, जर्मन लष्कराचं रॉकेट-केंद्र. फॉन ब्राऊनच्या चमूचं रॉकेट सुमारे ८५ किलोमीटर उंच गेलं. त्याच्या शेपटाशी एक चित्र रंगवलं होतं: चंद्रकोरीवर बसलेली स्त्री. चमूच्या आवडत्या चित्रपटाची आठवण. त्या चित्रपटातल्या यानाचं नाव होतं ‘फ्रीडं’, म्हणजे शांती. आणि हे रॉकेट होतं व्ही-२, शहरांवर स्फोटकं टाकणारं अस्त्र. सप्टेंबर १९४४पासून ते लंडनवर कोसळू लागलं. ती रॉकेटं डोंगराखालच्या बोगद्यांमध्ये मिटेलबाऊ-डोरा छळछावणीचे कैदी बांधत होते. त्या छावणीतून सुमारे ६० हजार कैदी गेले, त्यांतले जवळपास २० हजार मेले. व्ही-२च्या माऱ्यात जितकी माणसं मेली, त्याहून जास्त ती बनवताना मेली. अवकाशयुगाची सुरुवात सांगताना आपण पेनेम्युंडेवरून चटकन उडी मारून चंद्रावर जातो, आणि ही माणसं बोगद्यातच राहतात. मला हे पटत नाही. फॉन ब्राऊनचं नाव घ्यायचं तर डोराचं नावही त्याच दमात घेतलं पाहिजे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. फॉन ब्राऊन अमेरिकेत गेला, त्याने टीव्हीवर डिस्नेच्या कार्यक्रमातून घराघरांत अवकाशप्रवास समजावून सांगितला, माणसांना चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ रॉकेट उभं केलं. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ उडालं तेव्हा म्हातारा ओबर्थ ते पाहायला फ्लोरिडात हजर होता.

आणि मोजणी? ती अभियंत्यांच्या हातात पडल्यावर तिचं कामच बदललं. चांद्रयान-३ची उलटगणती साडेपंचवीस तासांची होती. एवढा वेळ उत्कंठा कोण ताणणार! त्या तासांमध्ये इंधन भरायचं असतं, झडपा तपासायच्या असतात, शेकडो तपासण्या एकाच घड्याळाला बांधून पुऱ्या करायच्या असतात. कुठेही शंका आली तर घड्याळ थांबवता येतं, आणि आज मोजणी ठेवण्याचं मोठं कारण हेच आहे. १५ जुलै २०१९च्या पहाटे चांद्रयान-२ची मोजणी ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेले असताना थांबवली. यान २२ जुलैला सुखरूप निघालं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या पहिल्या चाचणी-उड्डाणात तर पाचच सेकंद उरले होते. संगणकाने मोजणी रोखली, लोकांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं, आणि त्याच सकाळी दहा वाजता रॉकेट उडवलं.